बगळ्याचा हिरवा पाय

"मिस टिपणीस, हा पाय दुरुस्त करून टाका."

मला आधी वाटलं, साहेब शिकलगार मामांच्या पायाबद्दल बोलताहेत. मामा आमच्या संग्रहालयाचे पहारेकरी, आणि त्या आठवड्यात त्यांचा गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला होता. पण साहेबांची पेन्सिल काचेच्या कपाटाकडे रोखलेली होती. कपाटात दोन फुलदाण्या. फ्रान्सच्या, कमरेएवढ्या उंच, मोरपिशी निळ्या, अंगभर केसासारख्या बारीक चिरांची जाळी. दोन्हींवर कमळाच्या पानांत उभा असलेला एकेक बगळा. डावीकडच्या फुलदाणीवरल्या बगळ्याचे दोन्ही पाय गुलाबी. उजवीकडच्याचा एक पाय गुलाबी आणि दुसरा, डावा, चक्क हिरवा.

"दुरुस्त म्हणजे, सर?"

"म्हणजे गुलाबी. जोडी आहे ही. जोडी जोडीसारखी दिसायला नको?"

"तो नुसता रंग नाही, सर. मीना आहे. भट्टीत वितळून बसलेला. शंभर वर्षं तो तसाच आहे."

"तेच म्हणतोय मी. शंभर वर्षांत एकाही माणसाचं लक्ष गेलं नाही!"

साहेब म्हणजे डॉ. पुंडलिक खासनीस, शिरवडे संस्थानाच्या संग्रहालयाचे संचालक. संस्थान विलीन होऊन जमाना लोटला होता, पण जुन्या राजेसाहेबांनी परदेशांतून जहाजं भरभरून आणलेल्या वस्तू राजवाड्याच्या एका बाजूला मांडून ठेवलेल्या होत्या. अत्तराच्या रिकाम्या बाटल्या, बंद पडलेली घड्याळं, भुसा भरलेलं एक अस्वल आणि या फुलदाण्या. मी तिथे तात्पुरती सहायक होते. शिक्षण मातीकामाचा डिप्लोमा, आणि जीभ वयाच्या मानाने जरा मोठी.

गुरुवारी फ्रान्सहून एक तज्ज्ञ येणार होता. तिकडच्या जुन्या मीनाकामाच्या जगभर विखुरलेल्या वस्तू गोळा करून पॅरिसला प्रदर्शन भरवायचं चाललं होतं. आमची जोडी पसंत पडली तर फुलदाण्या पॅरिसला जाणार, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे पालक म्हणून डॉ. खासनीस. यातलं अजून काहीच ठरलेलं नव्हतं. ओव्हरकोट मात्र शिवून तयार होता. मासिकातलं चित्र दाखवून साहेबांनी तो गावच्या शिंप्याकडून शिवून घेतला होता, आणि भर मे महिन्यात पंख्याखाली तो त्यांच्या खुर्चीमागच्या खुंटीवर लटकत असे. उन्हातून आत येणारा माणूस आधी कोटाला नमस्कार करी.

"ही चूक कशी झाली असेल सांगू, सर?" मी म्हटलं. कॉलेजात पाटणकरबाईंनी शिकवलेलं सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. "कोऱ्या भाजलेल्या मातीवर चित्राच्या काळ्या रेघा छापायच्या. मग दोन रेघांमधल्या एकेका कप्प्यात बायका ओला मीना थेंबाथेंबाने सोडायच्या. भाजण्याआधी सगळे मीने सारखेच दिसतात, राखेसारखे. गुलाबी कुठला, हिरवा कुठला, बघून कळत नाही. डब्या ठरलेल्या जागी ठेवायच्या आणि हाताच्या सवयीवर भरत जायचं. एखादीचा हात शेजारच्या डबीत गेला असेल."

"म्हणजे चूक आहे हे तुम्हाला मान्य आहे."

"हो, पण..."

"मग सुधारायला हरकत काय?"

"चूक तिची आहे, सर. सुधारायला ती हवी."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते चष्मा पुसू लागले की समोरच्याने बसून घ्यावं, असा आमच्याकडे अनुभव होता.

"मिस टिपणीस, ती बाई केव्हाच मेली. तुमची मुदत या महिनाअखेर संपतेय. गुरुवारी दोन्ही बगळे सारखे दिसले, तर तुम्हाला कायम करण्याची फाईल मी वर पाठवीन. नाही दिसले, तर फाईल आणि तुम्ही, दोघी खालीच राहाल."

"सारखे दिसले की झालं?"

"एवढंच."

"मग डावीकडच्याचाही एक पाय हिरवा करते."

साहेब मोठ्यांदा हसले. त्यांना विनोद सहसा कळत नसे. त्या दिवशी नसलेलाही कळला.

बुधवारी दुपारी मी कपाट उघडलं. पोस्टर कलरचा हिरवा, त्यात चकाकीपुरता डिंक, आणि बारीक कुंचला. शिकलगार मामा सुजलेला पाय स्टुलावर ठेवून माझ्याकडे बघत होते.

"ताई, तुम्ही त्या चांगल्या बगळ्याकडं का चाललाय?"

"साहेबांना जोडी पाहिजे, मामा."

"आवो, मग बिघडलेला नीट करायचा, का नीट हाय तो बिघडवायचा?"

"त्या हिरव्याला मी हात लावणार नाही."

"का? तुमचा रंग तर पाण्यानं जातोय म्हणता. गुलाबी लावा, पावणं गेलं की धुवून टाका. हाय काय त्यात?"

प्रश्न अगदी रास्त होता. मी कुंचला पाण्यात बुडवला.

"गुलाबी एकदा लागला ना मामा, की साहेब तो जन्मात धुऊ देणार नाहीत. जोडी जुळली म्हणतील. फोटो काढतील. आणि त्या कुणा बाईने केलं ते कायमचं झाकून जाईल."

"ती तुमची कोण लागती?"

"कुणी नाही."

"मग नोकरी घालवताय कुणासाठी?"

"मामा, बॅटरी जरा इकडे धरा."

मामांनी बॅटरी धरली. मी गुलाबी पायावर हिरवा चढवला, तोच डावा पाय, अगदी नखांपर्यंत. मामांनी मान मागे नेऊन बराच वेळ दोन्ही बगळे पाहिले आणि म्हणाले, "आता दोघंबी सारखंच लंगडं दिसाय लागलं बघा."

गुरुवारी पाहुणा आला. मस्यो, म्हणजे श्रीयुत, बर्तलो नावाचा साठीचा उंच माणूस, अंगात नुकताच विकत घेतलेला खादीचा शर्ट, घडीच्या रेघांसकट. दुभाषी म्हणून साहेबांनी पाटणकरबाईंना बोलावलं होतं, कारण पंचक्रोशीत फ्रेंच येणाऱ्या त्या एकट्याच. बाई तरुणपणी शिष्यवृत्तीवर फ्रान्समधल्या मातीकामाच्या एका गावात राहून आल्या होत्या, आणि तेव्हापासून त्यांनी इथल्या प्रत्येक कपबशीला नाक मुरडलं होतं. माझ्या डिप्लोमाच्या वर्षी माझी अख्खी भट्टी पाहून त्या फक्त "विटा छान झाल्यात" एवढंच म्हणाल्या होत्या.

साहेबांनी फुलदाण्यांवर मखमलीचं कापड घालून ठेवलं होतं. आदल्या संध्याकाळी ते मानपत्र पाठ करण्यात गुंतले होते, त्यामुळे आत डोकावायला त्यांना सवड झाली नव्हती. पाहुण्याला समोर उभं करून त्यांनी कापड ओढलं, आणि दोन हिरवे पाय त्यांनी आणि पाहुण्याने एकाच वेळी पाहिले.

साहेबांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. मी भिंतीला टेकून उभी होते. म्हटलं, आता बोलतील. ते बोललेच, पण माझ्याशी नाही.

"हरितपाद क्रौंच!" साहेब गरजले. बगळा हा शब्द त्यांना मुळातच हलका वाटायचा. "हे पाहा महोदय. एक चरण गुलाबी, म्हणजे उषा. दुसरा चरण हिरवा, म्हणजे वसुंधरा. आकाश आणि माती यांच्यामध्ये तोल सांभाळून उभा असलेला हा जीव म्हणजे पूर्व आणि पश्चिम यांच्या मीलनाचा..."

ते बराच वेळ बोलले. माणूस खड्ड्यात पडल्यावर इतका उंच जाऊ शकतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांचं संपल्यावर बाईंनी पाहुण्याला फ्रेंचमध्ये चार शब्द सांगितले.

"एवढंच?" साहेब म्हणाले.

"फ्रेंच फार आटोपशीर भाषा आहे," बाई म्हणाल्या.

मस्यो बर्तलो एव्हाना गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी एका बगळ्याचा पाय पाहिला, मग दुसऱ्याचा. डावीकडच्या फुलदाणीजवळ नाक नेऊन त्यांनी चक्क वास घेतला. मग उजवीकडच्या फुलदाणीवर, त्या मूळच्या हिरव्या पायावर, एक बोट ठेवलं आणि ते तिथेच राहू दिलं. तसेच खाली बसून ते बाईंशी बोलू लागले, अडखळत, मध्येच हसत, पुन्हा बोलत. बाई नेहमीच्या ताठ उभ्या होत्या. ऐकता ऐकता त्या मामांच्या स्टुलावर बसल्या.

"काय म्हणतात?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी पदराने चष्म्याखाली काहीतरी केलं. "फार सुंदर आहे, म्हणतात."

"अहो, इतकं बोलले ते!"

"फ्रेंच फार पाल्हाळाची भाषा आहे."

संध्याकाळी साहेबांनी मला बोलावलं. मी ओरडा खायच्या तयारीने गेले, तर पुढ्यात बर्फीचा पुडा.

"घ्या. तो पाय कुणी रंगवला, ते मी विचारणार नाही," ते म्हणाले. "विचारायची गरजच उरलेली नाही. पाहुणा गुडघ्यावर बसला, मिस टिपणीस! मी पुस्तिका काढतोय. 'हरितपाद क्रौंच: एक चिंतन'. शनिवारी सकाळी फोटोग्राफर येतोय. तांत्रिक भाग तुम्ही लिहा, नाव आत येईल, बारीक टाइपात. आणि तुमची फाईल." त्यांनी फाईल उचलून दाखवली. "वर जाईल. फक्त त्या पायाला आता कुणी हात लावायचा नाही. तो इतिहास आहे."

"कुठला पाय, सर?"

"दोन्ही!"

मोह झाला नाही असं म्हणणार नाही. घरी वडील निवृत्त व्हायला आले होते, आणि कायमची नोकरी हा शब्द आमच्याकडे देवघरात उच्चारला जाई. शिवाय गंमत अशी, की मी जिंकले होते. मूळ पाय वाचला होता, साहेब खूष होते, बर्फी चांगली होती. शुक्रवारी मी हे सगळं पाटणकरबाईंना सांगायला गेले, ते बहुधा कौतुक करून घ्यायलाच.

"ये गाढवे," बाई व्हरांड्यातून म्हणाल्या. त्यांच्या हातात बिनदुधाच्या कॉफीचं वाडगं होतं. कान असलेल्या कपातून त्या पीत नसत, फ्रान्सची सवय. "डिंक घातला होतास ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मला नाही, त्याला कळलं. वास आला. म्हणाला, डावीकडच्या बगळ्याचा पाय कालचा आहे. हे काम तुझंच, असं मी सांगितल्यावर म्हणाला, पण मुलीने पाय बरोबर निवडलाय."

"बरोबर म्हणजे?"

बाईंनी वाडगं खाली ठेवलं. "बर्तलो त्याच गावचा आहे. ज्या कारखान्यातून या फुलदाण्या आल्या तिथे त्याच्या आजीची आई मीना भरायची. त्यांच्या घरात एक गोष्ट सांगतात. मी तिकडे असताना उडत उडत कानावर आली होती, मला थापच वाटली होती. कारखान्यात एक नवा मुकादम आला. टापटिपीचा, आपल्या खासनीसांसारखा. काम करताना बोललीस, दंड. गुणगुणलीस, दंड. मग त्याला टेबलं नेटकी दिसायला हवी होती, म्हणून त्याने बायकांच्या मीन्याच्या डब्या स्वतःच्या हाताने हलवल्या. उंचीप्रमाणे ओळीत लावल्या."

"म्हणजे म्हणून चूक झाली!" मी म्हटलं. मला वाटलं, कोडं सुटलं.

"चूक?" बाईंनी माझ्या डिप्लोमाच्या भट्टीकडे पाहिलं होतं तसं माझ्याकडे पाहिलं. "जन्म त्यात गेलेल्या बायका त्या. डबी हलवली म्हणून चुकतील? कुंचला बुडवला की मीना दाट की पातळ यावरून ओळखायच्या. त्यांनी ठरवून केलं. त्या आठवड्यात जेवढे बगळे भरले, त्या एकूणएक बगळ्यांचा डावा पाय हिरव्याने भरला. मुकादम टेबलांमधून फिरत होता, बघत होता. पण बघणार काय? सगळं राखेच्या रंगाचं. म्हणाला, आता कशी शिस्त आली. मग भट्टी उघडली."

बाई थांबल्या. कुठे थांबायचं ते त्यांना बरोबर कळायचं.

"अख्खी भट्टी हिरव्या पायाची," त्या म्हणाल्या. "मुकादमाने विचारलं, कुणाचं काम हे? बायका म्हणाल्या, आम्हाला काय ठाऊक, साहेब, डब्या तर तुम्हीच लावल्यात."

मी हसले. बाई हसल्या नाहीत.

"फुलदाण्या अंगणात नेऊन हातोड्याने फोडल्या. बायकांच्या देखत. मग बायकांना काढून टाकलं. बर्तलोच्या पणजीलाही. तिने पुढे लोकांचे कपडे धुतले. थोड्या फुलदाण्या तेवढ्या वाचल्या, कारण मालकाला नुकसान सोसवेना. त्या त्याने लांबच्या गिऱ्हाइकांना पाठवल्या, जे नीट बघणार नाहीत अशांना."

"आमचे राजेसाहेब."

"तुझे राजेसाहेब. एक आधीची धड, एक त्या भट्टीतली. जोडी म्हणून खपवली. त्यांनी ना बगळा पाहिला ना पाय. गावात यांतली एकही उरली नाही, विने. हा माणूस वर्षानुवर्षं तो पाय शोधतोय, प्रदर्शन हे नुसतं निमित्त. आणि तुझ्या कपाटात बघतो तर दोन!" आता बाई हसल्या. "तुला निरोप दिलाय त्याने. म्हणाला, त्या मुलीला सांगा, पणजीच्या टेबलावर तुम्ही फार उशिरा आलात. पण आलात."

 परत येताना मी वाटेतल्या दुकानातून कापसाची एक गुंडाळी घेतली.

शनिवारी सकाळी फोटोग्राफरने दिवे लावले. साहेब ओव्हरकोट घालून आले. पुस्तिकेत तो पॅरिसला शोभून दिसेल, असा त्यांचा हिशेब होता. चार दिव्यांच्या उष्णतेत, लोकरीच्या कोटात, बिचारे कडेने पाझरत होते. मी पाण्याचं भांडं आणि कापूस घेऊन आत गेले, डावीकडच्या फुलदाणीसमोर बसले आणि बगळ्याचा पाय पुसायला लागले.

"हे काय? हे काय करताय तुम्ही?"

"पुसतेय, सर."

"कोण म्हणालं पुसा? पुस्तिका छापायला चाललीय!"

"हा मी लावलेला आहे. मीच काढतेय."

कापूस हिरवा झाला, बगळ्याचा पाय गुलाबी. साहेबांनी फाईल आणायला मामांना पिटाळलं, मामा लंगडत जाऊन ती घेऊन आले, आणि साहेबांनी ती माझ्या नाकासमोर धरली.

"ही पाहा. सही तेवढी राहिलीय. लावा तो रंग परत."

"राहू दे, सर."

"काय राहू दे?"

"सही."

फोटोग्राफर कॅमेऱ्यामागून कधी मला, कधी साहेबांना बघत होता. मामांनी फाईल साहेबांच्या हातातून घेऊन अस्वलाच्या पायाशी ठेवली.

"ठीक आहे!" साहेब किंचाळले. "ठीक आहे. मग तो दुसराही पुसा! निदान दोन्ही गुलाबी होऊ देत! एक तरी गोष्ट या संग्रहालयात धड सारखी असू दे!"

मी ओला कापूस त्यांच्यापुढे धरला.

"तुम्हीच पुसून बघा, सर. माझा पाण्याने जातो. त्यांचा भट्टीतून आलाय."

मला वाटलं, ते कापूस फेकून देतील. पण संतापलेल्या माणसाला नेमकं काय वेडं सुचेल, सांगता येत नाही. साहेब ओव्हरकोटासकट खाली बसले आणि तो मूळचा हिरवा पाय घासायला लागले. आधी हळू, मग जोरात, मग कोटाच्या बाहीने. शंभर वर्षांची धूळ तेवढी निघाली. पाय कोवळ्या पानासारखा लखलखायला लागला.

"साहेब," शिकलगार मामा काळजीने म्हणाले, "घासल्यानं ते जास्तच हिरवं व्हाय लागलंय की वो."

तेवढ्यात फोटोग्राफरने बटण दाबलं. त्याला वाटलं, हीच पोझ ठरली आहे.

महिनाअखेर माझी मुदत संपली. फाईल खालीच राहिली; बहुतेक अजून अस्वलापाशीच असेल. मस्यो बर्तलोंनी जोडी मागवून घेतली, तशीच, एक धड आणि एक हिरव्या पायाची, आणि बरोबर पाटणकरबाईंना बोलावलं. प्रदर्शन जुलैत होतं. कोट तसाही लागला नसता.

फोटोग्राफरकडून मी तो फोटो मागून घेतला होता. अजून माझ्या लिहायच्या टेबलासमोर लावलेला आहे. कुणी काही दुरुस्त करून टाका म्हणालं, की मी त्याकडे बघते. ओव्हरकोट घातलेला एक विद्वान माणूस, घामाने निथळत, गुडघ्यांवर बसून एका बगळ्याचा पाय धरतोय. फोटो काळा-पांढरा आहे. पाय तरीही हिरवाच दिसतो.